पॅरेंट बटण आणि त्यामागून उघडणारी बटणं : पार्श्वभूमी

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या छोट्या गेम स्टुडिओत काय किंवा नवी मुंबईत महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कात काय, मोबाइल गेमचा बिल्ड, म्हणजे तयार झालेली आवृत्ती, टेस्टिंगला गेला की एक तक्रार हमखास परत येते. समजा किल्ला लढवायचा गेम आहे. ‘तोफ’ दाबली, पण ‘भरा’, ‘नेम’ आणि ‘डागा’ ही बटणं उघडलीच नाहीत. किंवा उघडली, पण दाबून काही होत नाही. किंवा तोफ बंद केली तरी ‘डागा’ चालूच राहिलं. दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते. ती ओळ कोणती लिहायची यावर मात्र टीममध्ये दोन तट पडतात: एक म्हणतो बटणं लपवा, दुसरा म्हणतो दिसू द्या पण फिकट ठेवा.

ज्याच्यावर दुसरी बटणं अवलंबून असतात ते पॅरेंट बटण; इथे ‘तोफ’. असं एका बटणावर दुसऱ्यांना अवलंबून ठेवायचं तर तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. बटण दिसावं का, त्याला बोट लागावं का आणि त्यामागचा कोड चालू असावा का. गेल्या चाळीस वर्षांत प्रत्येक साधनाने या तीन गोष्टी निरनिराळ्या प्रकारे एकमेकींना बांधल्या. आजचे बरेचसे बग त्या गाठींतून आलेले आहेत.

फिकट करण्याची रीत डेस्कटॉपवरून आली. १९८४च्या मॅकिंटॉशचा पडदा ५१२ × ३४२ पिक्सेलचा होता आणि त्यावर करडा रंग नव्हताच, होता तो फक्त काळा आणि पांढरा. म्हणून बंद असलेल्या मेनूच्या अक्षरांतले पिक्सेल एकाआड एक गाळले जात आणि डोळ्यांना ती अक्षरं करडी भासत. आत्ता न चालणारा पर्यायसुद्धा आपल्या जागी दिसत राहायचा. त्यामुळे वापरणाऱ्याच्या हाताला जागा पाठ व्हायची आणि पुढे काय करता येईल हेही कळायचं. याच्या उलट प्रयोग ऑफिस २०००मध्ये झाला. कमी वापरातले पर्याय मेनूतून दडवले गेले, लोक शोधून थकले, आणि २००७मध्ये मेनूच्या जागी बटणांची पट्टी, म्हणजे रिबन, आली तेव्हा तो प्रयोग मागे पडला.

मोबाइलवर मात्र लपवण्याची सवय आधी लागली, आणि ती नाइलाजाने लागली. २००२मध्ये जावा फोनसाठीचा एमआयडीपी २.० हा मानक संच आला. त्यात पडद्याला ‘कमांड’ जोडता यायची आणि काढता यायची. कमांडला नाव, प्रकार आणि प्राधान्यक्रम होता, पण ‘आहे, तरी आत्ता बंद आहे’ अशी अवस्थाच नव्हती. ‘डागा’ नको असेल तर कमांड काढून टाकायची आणि तोफ भरल्यावर पुन्हा जोडायची. पडदे १२८ × १२८ किंवा १७६ × २०८ पिक्सेलचे, बहुतेक हँडसेटना पडद्याखाली दोनच सॉफ्ट-की (पडद्यावर दिसेल ते काम करणाऱ्या कळा), त्यामुळे तिसरी कमांड आली की सगळं ‘ऑप्शन्स’च्या पोटात जायचं. एक कमांड कमीजास्त झाली तरी मेनूतला क्रम हलायचा.

तयार मेनू न वापरता कॅनव्हासवर, म्हणजे कोऱ्या पडद्यावर, स्वतः सगळं रंगवणाऱ्यांना हे बंधन नव्हतं. त्यांच्यासाठी बटण म्हणजे एक चित्र. तोफ भरलेली आहे की नाही हे एका व्हेरिएबलमध्ये असायचं आणि प्रत्येक फ्रेमला ते पाहून चित्र उजळ किंवा फिकट काढलं जायचं. नोव्हेंबर २००४मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकल सुरू झाली. एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने, पडद्याकडे न पाहता ५ नंबरची की दाबत खेळणं त्या प्रवासात सहज जमायचं, कारण की आपली जागा सोडत नव्हती. त्या काळची ही शिस्त आजच्या साधनांत हातून निसटली, असं मला मनापासून वाटतं.

टच आला तसा गुंता थोडा सुटला. २००८मध्ये ॲप स्टोअर उघडलं तेव्हा आयफोनवर लपलेलं असणं, बंद असणं आणि बोट न स्वीकारणं यांसाठी वेगवेगळे गुणधर्म होते. अल्फा, म्हणजे अपारदर्शकता, ०.०१च्या खाली गेलेल्या व्ह्यूला (पडद्यावरच्या घटकाला) तिथे स्पर्श पोचत नाही, हा बारकावा अनेकांना बग निघाल्यावरच कळला. अँड्रॉइडने दिसण्याच्याच तीन पायऱ्या केल्या: दिसणारा, न दिसणारा पण जागा अडवणारा, आणि जागेसकट गेलेला. बटण चालू की बंद हे त्याहून वेगळं ठेवलं.

आपल्याकडच्या बऱ्याच टीम युनिटी या गेम बनवायच्या साधनात काम करतात, म्हणून खरा वाद तिथला. २०१४पर्यंत युनिटीच्या जुन्या ऑनजीयूआय पद्धतीत बटण कोडमधूनच पुन्हा पुन्हा काढलं जायचं. तोफ भरली नसेल तर त्या ओळीआधी जीयूआय (पडद्यावरची बटणं-मेनू) बंद करायचा आणि नंतर चालू करायचा. बटण स्वतः काही लक्षात ठेवत नसल्याने अवस्था गेमच्या कोडमध्येच ठेवावी लागायची.

मधल्या काळात, २०१२च्या युनिटी ४.०मध्ये, एक बदल झाला. युनिटीत बटणासकट प्रत्येक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट, आणि एकाखाली दुसरा ठेवला की वरचा पॅरेंट, खालचं मूल; ही उतरंड म्हणजे हायरार्की. तोवर प्रत्येक ऑब्जेक्टचं चालू-बंद त्याचं त्याच्यापाशी असायचं. ४.०पासून पॅरेंट बंद केला की त्याखालचं सगळं बंद पडू लागलं, मग मुलांची स्वतःची खूण ‘चालू’ असली तरी. बदल योग्यच होता, पण त्यामुळे दोन वेगळी नाती एकात मिसळली. हायरार्कीतला पॅरेंट वेगळा आणि खेळाच्या नियमातला पॅरेंट वेगळा. ‘भरा’, ‘नेम’, ‘डागा’ तोफेवर अवलंबून आहेत म्हणून नवशिका ती तोफेच्या बटणाखालीच ठेवतो. मग तोफेचं बटण लपवलं की तिन्ही जातात आणि त्याला दाबल्याचं ॲनिमेशन दिलं की तिन्ही आक्रसतात. पॅरेंट बंद असताना एखादं मूल चालू केलं तर पडद्यावर काहीच उमटत नाही आणि एररही येत नाही. चौघांना एका रिकाम्या पॅनेलखाली भावंडांसारखं ठेवलं की हा सगळा त्रास मिटतो.

नोव्हेंबर २०१४मध्ये ४.६ आवृत्तीबरोबर नवी यूआय (बटणं-मेनूंची) प्रणाली आली आणि बटणाला ‘इंटरॅक्टेबल’, म्हणजे दाबता येईल की नाही, ही खूण मिळाली. तेव्हापासून दोन तट आहेत: एक सेटॲक्टिव्हने, म्हणजे ऑब्जेक्टच बंद करणाऱ्या आज्ञेने, बटण लपवणाऱ्यांचा, दुसरा इंटरॅक्टेबल काढून फिकट करणाऱ्यांचा.

सेटॲक्टिव्ह दिसणं, बोट लागणं आणि कोड चालणं या तिन्ही गोष्टी एकदम बंद करतं. ‘भरा’वर पाच सेकंदांची उलटमोजणी कोरूटीनमध्ये (अनेक फ्रेमभर थोडाथोडा चालणाऱ्या कोडमध्ये) चालू असेल आणि बटण लपवलं, तर ती तिथेच मरते; बटण परत आणल्यावर मोजणी आपोआप सुरू होत नाही. सुरुवातीपासून बंद ठेवलेल्या ऑब्जेक्टचं ‘अवेक’, म्हणजे सुरुवातीलाच चालायचा कोड, चालत नाही आणि नावाने शोधलं तर तो सापडत नाही. बटणं लेआउट ग्रुपमध्ये, म्हणजे आपोआप ओळीत मांडणाऱ्या गटात, असतील तर लपलेल्याची जागा बाकीची भरून काढतात. ट्रान्स-हार्बरवरच्या रबाळ्याला गाडीने हिसका दिला, त्याच क्षणी ‘नेम’ उगवलं आणि ‘डागा’ सरकलं, की अंगठा भलत्याच ठिकाणी पडतो. खेळणाऱ्याची तोफ वाया जाते आणि त्याला वाटतं चूक आपली.

इंटरॅक्टेबलमध्येही खोट आहे. बंद अवस्थेचा ठरलेला रंग २००, २००, २०० आणि अल्फा १२८ (साधारण अर्धपारदर्शक) असतो, पण तो फक्त टार्गेट ग्राफिकला, म्हणजे बटणाच्या चित्राला, लागतो. बटणावरची अक्षरं तशीच ठळक राहतात. उन्हात, कमी ब्राइटनेसवर असं बटण चालूच वाटतं. शिवाय बंद बटण स्पर्श गिळतं, त्यामुळे त्याच्या मागच्या बटणापर्यंत बोट पोचत नाही. त्यांच्या पॅनेलला कॅनव्हास ग्रुप (आतल्या सगळ्यांना एकत्र फिकट किंवा बंद करणारा घटक) लावला की तिन्ही बटणं अक्षरांसकट एकाच आकड्याने फिकट होतात आणि स्पर्श अडवायचा की नाही हेही वेगळं ठरवता येतं. एवढं साधं उत्तर हाताशी असताना प्रत्येक बटणाला वेगळी स्क्रिप्ट लावलेले प्रोजेक्ट अजून दिसतात.

लपवणाऱ्यांचा मुद्दा असा की लहान पडद्यावर नऊ फिकट बटणं म्हणजे गर्दी, आणि नव्या खेळाडूला पुढचं सगळं आधीच कशाला दाखवायचं. पहिल्या दोन-तीन लेव्हलपुरता तो मला पटतो. पण जे बटण त्याच डावात पुढच्या क्षणी लागणार आहे ते लपवणं म्हणजे खेळाचा नियमच खेळाडूपासून लपवणं. फक्त फिकट करूनही भागत नाही. वेबच्या सुलभतेचे २००८चे निकष मजकूर आणि मागचा रंग यांच्यात ४.५ : १ कॉन्ट्रास्ट (उजळपणाचा फरक) मागतात, पण बंद घटकांना त्यातून सूट देतात. त्या सुटीमुळे फिकट बटणावरची अक्षरं वाचताच न येण्याइतकी पुसट करण्याची रीत पडली. बंद ‘डागा’ दाबल्यावर ‘आधी तोफ भरा’ एवढं जरी आलं तरी बरंच काम होतं, आणि त्यासाठी बटणाला बोट लागू द्यावं लागतं.

युनिटी ४.६पासूनची दुसरी अडचण कोड न लिहिता जोडण्याच्या सोयीतून आली. तोफेच्या ऑनक्लिक (दाबल्यावर काय करायचं त्या) यादीत बाकीची बटणं ओढून टाकली आणि इंटरॅक्टेबलला टिक केली की काम झालं. डेमोला हे छान चालतं. पण आता तोफ भरली आहे की नाही याची नोंद बटणांत विखुरली जाते आणि सीन पुन्हा लोड झाला की सगळं मूळ स्थितीत जातं. फोन आला, गेम मागे गेला आणि अँड्रॉइडने तो मेमरीतून काढला, तरी तेच. ही नोंद फोनवर जपायला युनिटीचं प्लेअरप्रेफ्स आहे; त्यात आकडे आणि मजकूर ठेवता येतो, हो-नाहीसाठी वेगळी सोय नाही, म्हणून ० किंवा १ लिहायचा. तोही गेम बंद होताना लिहिण्यापेक्षा मागे जातानाच लिहिलेला बरा, कारण बंद होण्याची सूचना मोबाइलवर दर वेळी मिळतेच असं नाही.

सर्व्हरवर चालणाऱ्या गेममध्ये त्यात प्रतीक्षेची भर पडली. ‘तोफ’ दाबली आणि उत्तर यायच्या आत नेटवर्क गेलं, तर ‘भरा’ चालू समजायचं की बंद? इथे चालू आणि बंद या दोन अवस्था पुरत नाहीत. ‘थांबा’ ही तिसरी लागते, आणि ठरावीक वेळाने परत मागे यायची वाटही.

२०२१पासून गेममध्येही वापरता येऊ लागलेल्या युनिटीच्या यूआय टूलकिटमध्ये घटक स्वतः चालू आहे का आणि वरच्यांसकट चालू आहे का, हे वेगवेगळं विचारता येतं. दिसणंही त्याहून वेगळं ठेवलं आहे. मात्र चालू प्रोजेक्ट मधेच नव्या प्रणालीवर नेणं छोट्या टीमला परवडत नाही, म्हणून जुनं-नवं बराच काळ शेजारी राहील.

दरम्यान फिकट रंगाचा अर्थच बाहेरून बिघडवला गेला. ‘नको’ हे बटण चालू असूनही मुद्दाम करडं ठेवायचं आणि ‘विकत घ्या’ झळकवायचं, अशी रचना सर्रास झाली. चाळीस वर्षं ‘करडं म्हणजे बंद’ हे शिकलेला माणूस त्याला हात लावत नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यावरच्या रचनांविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत १३ प्रकार नोंदवले आहेत आणि काही माहिती ठळक करून काही झाकोळत ग्राहकाला भलतीकडे वळवणं हा त्यांतला एक. त्याच वर्षीच्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांचा डेटा वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. मुलांच्या गेममध्ये ‘खेळा’ हे बटण आता त्या संमतीवर अवलंबून ठेवावं लागेल, आणि ती संमती मागे घेतली तर ते पुन्हा बंदही व्हायला हवं.