तारेसाठी हीलिंग ब्रश, पिंपासाठी क्लोन स्टॅम्प

फोटोतील नको असलेली वस्तू पुसायला बसलेला माणूस फोटोशॉपमधील दोन साधनांपाशी हमखास घुटमळतो. एक क्लोन स्टॅम्प आणि दुसरा हीलिंग ब्रश. दोन्ही साधने वापरण्याची रीत वरवर पाहता एकच आहे. आल्ट दाबून फोटोतील एखाद्या स्वच्छ जागेवर क्लिक करायचे, म्हणजे त्या जागेचा नमुना घेतला जातो, आणि मग नको असलेल्या वस्तूवरून ब्रश फिरवायचा. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ही जोडी आहे, फक्त तेथे आल्टऐवजी कंट्रोल दाबावे लागते. हाताला दोन्ही कामे सारखी वाटत असल्यामुळे अनेक जण दोहोंपैकी जे आधी सापडले तेच सगळीकडे वापरतात आणि फोटो डागाळला की दोष स्वतःच्या हाताला देतात.

खरा फरक ब्रशच्या टोकापाशी काय घडते यात आहे. क्लोन स्टॅम्प नमुन्याच्या जागेवरील रंग, उजेड आणि पोत असे सगळे उचलतो आणि जसेच्या तसे दुसरीकडे उमटवतो, म्हणजे तो शब्दशः शिक्का आहे. हीलिंग ब्रश नमुन्यातून फक्त पोत घेतो आणि रंग व उजेड मात्र जेथे रंगवायचे त्या जागेच्या कडेवरून ठरवतो. म्हणूनच हीलिंग ब्रश फिरवत असताना आधी ओबडधोबड ठिगळ दिसते आणि माऊसचे बटण सोडल्यावरच ते आजूबाजूच्या रंगात मिसळते. नवशिका ते ठिगळ पाहूनच दचकतो आणि काम अर्धवट सोडतो.

माझ्यासमोर असलेल्या एका फोटोचे उदाहरण घेतो. कोकणातील कौलारू घर, पुढे सारवलेले अंगण, वर संध्याकाळचे आकाश. आकाशातून विजेची एक तार तिरकी येऊन छपरापाशी टेकते आणि चिऱ्याच्या भिंतीला लागून पाण्याचे निळे प्लास्टिकचे पिंप उभे आहे. तार आणि पिंप दोन्ही नको आहेत, पण दोहोंना एकच औषध चालत नाही.

आधी तार. संध्याकाळचे आकाश डोळ्यांना एकरंगी वाटले तरी ते तसे नसते. वर गडद असते आणि क्षितिजाकडे येताना टप्प्याटप्प्याने फिकट होत जाते. तारेच्या थोडे वरून नमुना घेऊन क्लोन स्टॅम्प फिरवला, तर वरचा गडदपणा खाली उतरतो आणि तारेच्या जागी तारेपेक्षा जाड असा निळसर पट्टा दिसू लागतो. तेथे हीलिंग ब्रश हवा, कारण तो उजेड त्याच जागेच्या दोन्ही कडांवरून घेतो. आकाशातली तार त्याने दोन-तीन फटकाऱ्यांत जाते.

मात्र छपराच्या जवळ येताच त्याच गुणाचा दोष होतो. ब्रशची कड कौलांना लागली की त्यांचा काळपट तांबूस रंगही तो आजूबाजूचा म्हणून धरतो आणि आकाशात मळकट डाग पसरवतो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे लॅसोने, म्हणजे हाताने रेघ ओढून भाग निवडण्याच्या साधनाने, आकाशाचा भाग कौलांच्या कडेला अगदी चिकटून निवडायचा आणि त्या निवडीच्या आतच हीलिंग चालवायचे. दुसरा म्हणजे तारेचा शेवटचा बोटभर तुकडा बारीक क्लोन स्टॅम्पने, अगदी जवळचाच नमुना घेऊन झाकायचा. मला दुसरा उपाय बरा वाटतो, कारण कौलांची नागमोडी कड लॅसोने नेमकी पकडण्यात फार वेळ जातो.

आता पिंप. ते चिऱ्याच्या भिंतीपुढे आहे, आणि चिऱ्याची भिंत म्हणजे नुसता तांबडा रंग नव्हे. चिऱ्यांच्या थरांमधले सांधे सरळ रेषेत चालले आहेत आणि ते पिंपाच्या मागूनही तसेच जायला हवेत. शिवाय हीलिंगने पिंपाच्या पोटात लहान लहान फटकारे मारले, तर प्रत्येक फटकाऱ्याच्या कडेला निळेच असते आणि भिंतीवर निळसर झाक राहते. येथे क्लोन स्टॅम्पला पर्याय नाही. नमुना घेताना सांध्याच्या रेघेवरच क्लिक करावे आणि पहिला ठसा पिंपापलीकडच्या त्याच रेघेच्या ओळीत बरोबर बसवावा. वरच्या पट्टीतील ‘अलाइन्ड’ हा पर्याय चालू असला, की नमुन्याची जागा ब्रशबरोबर सरकत राहते आणि सांधे तुटत नाहीत. तो बंद असला, तर प्रत्येक नवा फटकारा मूळ जागेपासूनच सुरू होतो, आणि चिऱ्यातले एखादे ठळक भोक भिंतीवर चार ठिकाणी उमटते. असे जुळे भोक पाहणाऱ्याला चटकन दिसते, म्हणून नमुन्याची जागा मधून मधून बदलत राहावी.

ही दोन साधने एका वेळी जन्मलेली नाहीत. शिक्का फोटोशॉपच्या 1990 मधील पहिल्या आवृत्तीपासून आहे, तर हीलिंग ब्रश 2002 मध्ये सातव्या आवृत्तीत आला. 2005 मध्ये आलेला स्पॉट हीलिंग ब्रश नमुना स्वतःच शोधतो, त्यामुळे चेहऱ्यावरील पुटकुळीला तो उत्तम, पण भिंतीच्या सांध्यांवर तो भलतेच काही आणून ठेवू शकतो. 2023 पासूनची जनरेटिव्ह फिल ही सोय वेगळ्याच जातीची आहे, कारण ती मागची भिंत फोटोतून आणत नाही, कल्पनेने रचते. घरच्या आठवणीच्या फोटोत मला ती रुचत नाही.

दोन्ही साधनांना लागू असलेली एक सवय मात्र लावून घ्यावी. मूळ फोटोवर थेट न रंगवता वर एक कोरा लेअर, म्हणजे पारदर्शक थर, घ्यावा आणि नमुना त्या लेअरवरून व त्याखालच्या लेअरवरून घेण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे चूक झाली तर तेवढाच भाग खोडता येतो.

या फोटोत माझी फजिती झाली ती सावलीपाशी. पिंप गेले, पण त्याची सावली अंगणावर तशीच पडलेली. ती मी हीलिंगने थोडी थोडी पुसत बसलो आणि ती हटेना, कारण प्रत्येक फटकारा सावलीच्या आतच पडत होता आणि ब्रश कडेचा काळोखच पुन्हा भरत होता. शेवटी उन्हातल्या सारवणाचा नमुना घेऊन, ब्रश सावलीच्या कडांबाहेर थोडा जाईल एवढा मोठा करून, सगळी सावली एकाच फटकाऱ्यात झाकली. बोटांनी काढलेली सारवणाची अर्धवर्तुळे तेवढी नीट जुळली नाहीत, ती मग क्लोन स्टॅम्पने एकेक करून जोडली.