प्रशियन ब्लू: पाव जागा मोकळ्या ठेवणारी जाळी

बारावीला लॅसेनची चाचणी (सेंद्रिय पदार्थातली मूलद्रव्यं ओळखण्याची) केली असेल, तर प्रशियन ब्लू हा निळा रंग तुम्ही पाहिला आहे. परीक्षानळीत तो उमटला की 'नायट्रोजन आहे' असं जर्नलमध्ये लिहायचं आणि पुढच्या चाचणीकडे वळायचं. खरं तर नळीत तेव्हा एक समन्वय बहुवारिक (धातूचे आयन आणि त्यांना जोडणारे रेणूगट यांची सलग जोडणी) तयार झालेलं असतं: लोह–कार्बन–नायट्रोजन–लोह अशी साखळी तिन्ही दिशांना पसरत जाते आणि घनाकृती जाळी उभी राहते. १७०६च्या सुमारास बर्लिनमध्ये लाल रंग करायला निघालेल्या डीसबाख या रंग बनवणाऱ्याला हा निळा मिळाला, तो खराब पोटॅशमुळे (पोटॅशियमचा क्षार), असं सांगतात.

जाळीचं गणित वजनकाट्यावरच दिसतं. फेरिक आयनावर (लोहाचा आयन) तीन धन भार, फेरोसायनाइडवर (सहा सायनाइडनी वेढलेलं लोह) चार ऋण. भार जुळायला चार फेरिकमागे तीन फेरोसायनाइड लागतात. म्हणून हा निळा बनवताना १.०८ ग्रॅम फेरिक क्लोराइड (सहा पाण्याचं) ४० मिली पाण्यात आणि १.२७ ग्रॅम पोटॅशियम फेरोसायनाइड (तीन पाण्याचं) दुसऱ्या ४० मिलीत विरघळवायचं. पण जाळीत दोघांसाठी जागा सारख्याच, चारास चार! म्हणजे फेरोसायनाइडची दर चौथी जागा रिकामी राहते. तिच्याभोवतीच्या सहा फेरिक आयनांचा एकेक हात मोकळा पडतो आणि तिथे पाण्याचे रेणू येऊन बसतात. १९७७मध्ये एकेका स्फटिकावर क्ष-किरण टाकून हे नक्की झालं.

ओतण्याचा क्रम महत्त्वाचा. ढवळत्या फेरिकमध्ये फेरोसायनाइड थेंबाथेंबाने सोडा. उलट केलंत तर फेरोसायनाइड जास्त असताना साका पडतो, पोटॅशियम जाळीच्या पोकळ्यांत शिरतं आणि 'विद्राव्य' प्रशियन ब्लू मिळतो. नाव फसवं आहे. तो विरघळत नाही, कलिल होऊन (अतिसूक्ष्म कणांच्या रूपात) पाण्यात तरंगतो.

बहुतेकांचं काम बिघडतं ते धुताना. पहिली दोन पाणी स्वच्छ गळतात, तिसऱ्याला गाळण कागदाखाली निळं पाणी! क्षार धुऊन गेले की कणांना एकत्र ठेवणारं काही उरत नाही आणि जेमतेम काही दशक नॅनोमीटरचे ते कण कागदातून निसटतात. सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवून साका खाली बसवणारं यंत्र) वापरा, नाहीतर धुण्याच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका. साका ६० अंशांवर वाळवा. तापवलेल्या तीव्र आम्लाशी मात्र गाठ घालू नका, हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटतो. एरवी सायनाइड लोहाला घट्ट बांधलेला असतो.

साधारण ५ अँगस्ट्रॉम (अर्धा नॅनोमीटर) बाजूच्या पोकळ्यांत सीझियम नेमका अडकतो. १९८७मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात किरणोत्सारी सीझियम पोटात गेलेल्यांना म्हणूनच हे रंगद्रव्य औषध म्हणून दिलं गेलं. हीच जाळी बॅटरीत वापरणाऱ्या सोडियम बॅटरीवाल्यांना मात्र रिकाम्या जागा आणि त्यांतलं पाणी नकोसं वाटतं. ते द्रावणात सोडियम सायट्रेट घालतात. सायट्रेट धातूचा आयन धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, त्यामुळे जाळी सावकाश, कमी भोकं ठेवून वाढते.

अल्कलीपुढे मात्र ही जाळी टिकत नाही. हायड्रॉक्साइड फेरिकला ओढून घेतं आणि निळ्याच्या जागी गंजासारखा तपकिरी साका उरतो. ताज्या चुन्याच्या भिंतीवर हा निळा न टिकण्याचं कारणही तेच.