इंग्रजीचे प्राध्यापक (महाराष्ट्र)

विद्यापीठाच्या किंवा संलग्न महाविद्यालयाच्या इंग्रजी विभागात शिकवणारा अध्यापकवर्ग आणि त्याने तासाबाहेर केलेले विद्याविषयक, साहित्यिक व संस्थात्मक काम. यातले काही काम नोकरीचाच भाग असते : अभ्यास मंडळावर बसणे, प्रश्नपत्रिका काढणे, उत्तरपत्रिका तपासणे, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणे, नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) भेटीआधी फाइली लावणे. उरलेले काम कोणी सांगितलेले नसते. भाषांतर, समीक्षा, अनियतकालिकांचे (ठरावीक मुदतीविना निघणाऱ्या छोट्या अंकांचे) संपादन, भाषांचे सर्वेक्षण आणि स्वतःचे लेखन त्यात येते. महाराष्ट्रात या दुसऱ्या कामाचा पसारा एवढा मोठा आहे की इंग्रजीच्या मास्तरांना वगळून विसाव्या शतकातील मराठी समीक्षेचा आणि कवितेचा इतिहास लिहायला बसले तर निम्मी पाने कोरी राहतील. मराठीला आजवर चार ज्ञानपीठ पुरस्कार मिळाले. त्यांपैकी दोन, विंदा करंदीकर (२००३) आणि भालचंद्र नेमाडे (२०१४), पोटासाठी इंग्रजी शिकवणाऱ्या लेखकांचे आहेत.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले तेव्हा ते मुख्यतः परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. शिकवण्याचे काम एल्फिन्स्टनसारख्या महाविद्यालयांत चाले आणि इंग्रजीच्या खुर्चीवर साहेब बसलेला असे. पुणे कॉलेजचे (पुढचे डेक्कन कॉलेज) प्राचार्य एडविन आर्नल्ड १८६१ मध्ये मायदेशी परतले. त्यांनी हितोपदेशाचे इंग्रजी रूपांतर केले आणि १८७९ मध्ये बुद्धचरित्रावरील काव्य प्रसिद्ध करून नाव कमावले. एल्फिन्स्टनचे एक प्राचार्य विल्यम वर्ड्‌स्वर्थ हे त्याच नावाच्या कवीचे नातू. कवीची कविता अभ्यासक्रमात आणि नातू समोर खुर्चीवर, असा योग त्या पिढीच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला आला. पुढे एतद्देशीय प्राध्यापक आले. फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले. तेथील प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी शेक्सपिअरच्या एका सुखात्मिकेचे ‘त्राटिका’ या नावाने रूपांतर केले आणि ते रंगभूमीवर गाजले. वर्गात शिकवलेला शेक्सपिअर संध्याकाळी नाटकघरात मराठी बोलू लागला. पुढच्या शंभर वर्षांत इंग्रजीच्या प्राध्यापकांनी जे केले त्याचे बीज इथे दिसते.

त्यामागे वर्गातली एक साधी गोष्ट होती. विद्यार्थी मराठी, शिक्षक मराठी आणि पुस्तक इंग्रजी. ओळ समजावायची तर मराठीत शब्द शोधावा लागे, आणि शब्द सापडला नाही की तो घडवावा लागे. मराठी समीक्षेची बरीच परिभाषा अशा शोधाशोधीतून आली. बा. सी. मर्ढेकर १९३८ मध्ये आकाशवाणीच्या नोकरीत गेले. त्यापूर्वी काही वर्षे ते इंग्रजीचे अध्यापक होते. त्यांची कलाविषयक पहिली मांडणी इंग्रजीत झाली, पण वाद पेटला तो मराठीत. ‘सौंदर्य आणि साहित्य’ला १९५६ मध्ये, मर्ढेकरांच्या निधनाच्याच वर्षी, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मं. वि. राजाध्यक्ष शासकीय महाविद्यालयांत इंग्रजी शिकवत आणि ‘अभिरुचि’ मासिकात ‘निषाद’ या टोपणनावाने सदर लिहीत. इंग्रजी निबंधाचा तिरकस सूर मराठीत रुजवण्यात त्या सदराचा वाटा आहे. नागपूरला इंग्रजी शिकवणाऱ्या कुसुमावती देशपांडे १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. १८७८ पासून भरणाऱ्या या संमेलनाला स्त्री अध्यक्ष मिळण्याची ती पहिली वेळ होती, आणि ती मराठीच्या नव्हे, इंग्रजीच्या प्राध्यापिकेच्या रूपाने आली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. मराठी साहित्याचा त्यांनी हाती घेतलेला इंग्रजी इतिहास पुढे राजाध्यक्षांनी पूर्ण केला आणि साहित्य अकादमीने तो प्रसिद्ध केला.

भाषांतराच्या बाबतीत करंदीकर या पिढीचे मेरुमणी म्हणावे लागतील. अ‍ॅरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचे त्यांचे मराठी भाषांतर (१९५७) अनेक मराठी विभागांत अजूनही वाचले जाते. त्यांनी गटेचा फाउस्ट आणि शेक्सपिअरचा राजा लिअरही मराठीत आणला. तुकोबांच्या भेटीला शेक्सपिअर येतो ही त्यांच्या एका कवितेतली कल्पना. कविता म्हणून ती सुंदर आहेच, पण तिला इंग्रजीच्या प्राध्यापकाचे आत्मचरित्र म्हणूनही वाचता येते. रुईया महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे सदानंद रेगे यांनी इब्सेन, सोफोक्लीस, मायकोव्हस्की असे नाना देशांचे लेखक मराठीत आणले. धारवाडला जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवत होते. सभा-संमेलनांपासून ते कटाक्षाने दूर राहिले. ‘काजळमाया’ला १९७३ मध्ये मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी परत केला. प्राध्यापकांच्या आजच्या कुठल्याही मूल्यमापन तक्त्यात ‘पुरस्कार परत केला’ असे सदर नाही.

विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागातून झालेल्या तात्त्विक कामाचा विचार करताना रा. भा. पाटणकर (१९२७–२००४) यांच्यापाशी थांबावे लागते. ते मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुख होते. त्यांची ‘सौंदर्यमीमांसा’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कलेला एकच एक व्याख्या चिकटवता येत नाही, तिच्या विचारात लौकिकतावादी (कला जीवनाशी जोडलेली मानणारा) आणि अलौकिकतावादी (कला स्वायत्त मानणारा) असे दोन ध्रुव कायम असतात, हे त्यांनी कांटपासून मर्ढेकरांपर्यंतची मते उलगडत दाखवले. शैली कोरडी, तर्काला तर्क जोडत जाणारी. वाचकाची दमछाक होते, पण पुस्तकात पोकळ वाक्य शोधून सापडत नाही. एवढा मोठा ग्रंथ इंग्रजीत लिहिला असता तर त्याला जगभरचे वाचक मिळाले असते, हे पाटणकरांनाही कळत असणार. त्यांनी मराठी निवडली.

नेमाडे यांचा मार्ग उलट दिशेने गेला. अहमदनगर, धुळे, औरंगाबाद अशी इंग्रजीची अध्यापकी, मध्ये लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत मराठीचे अध्यापन, पुढे गोवा विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुखपद आणि शेवटी मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याचे टागोर अध्यासन, असा त्यांचा प्रवास आहे. ‘वाचा’ या अनियतकालिकाचे संपादन त्यांनी केले. इंग्रजीचा मराठीवर झालेला परिणाम हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. इंग्रजी शिकवून चरितार्थ चालवणारा माणूस इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्ध देशीवाद, म्हणजे साहित्य आपल्या मातीतल्या परंपरेतून वाढावे हा विचार, मांडतो, यावर त्यांच्या टीकाकारांनी पुष्कळ बोट ठेवले. पण हा अंतर्विरोध एकट्या नेमाड्यांचा नाही. या खात्यात आयुष्य काढलेल्या कोणत्याही विचारी माणसाला त्याचा सामना करावाच लागला. नेमाड्यांनी तो उघड केला, एवढाच फरक. ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथाला १९९० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

औरंगाबादच्याच मिलिंद महाविद्यालयात याच काळात वेगळे काही घडत होते. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या या महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात पीएच.डी. करून आले होते. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे उदाहरण त्यांनी दलित लेखकांपुढे ठेवले आणि विद्रोहाची भाषा मराठी समीक्षेत आणली. इंग्रजी साहित्य म्हणजे लंडनचे साहित्य, ही समजूत विभागांच्या अभ्यासक्रमातून जायला पुढे बरीच वर्षे लागली. मिलिंदच्या आवारात ती आधीच ढासळली होती.

मुंबईत इंग्रजीत लिहिणाऱ्या कवींची एक स्वतंत्र फळी विभागांतच वाढली. निसीम इझिकेल १९६१ पासून मिठीबाई महाविद्यालयात इंग्रजी विभागाचे प्रमुख होते. १९७०च्या दशकात ते मुंबई विद्यापीठात आले आणि तिथे अमेरिकन साहित्य शिकवले. ‘पोएट्री इंडिया’चे संपादन, पेन या लेखकसंस्थेचे काम आणि होतकरू कवींच्या वह्या वाचणे ही त्यांची खरी सेवा. वृंदा नाबर यांच्यासह त्यांनी इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. १९८३ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९८८ मध्ये पद्मश्री. मूळच्या गोव्याच्या कवयित्री युनिस डिसूझा यांनी सेंट झेवियर्सच्या विभागाचे प्रमुखपद सांभाळले. विलास सारंग (१९४२–२०१५) यांच्याकडे मुंबई आणि इंडियाना अशा दोन विद्यापीठांच्या डॉक्टरेट होत्या. इराकमधील बसरा, मुंबई विद्यापीठ आणि कुवेत अशा ठिकाणी त्यांनी शिकवले. मुंबईत विभागप्रमुख असताना ‘बॉम्बे लिटररी रिव्ह्यू’ काढले. त्यांच्या कथा मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहेत. दोन्हींकडच्या समीक्षकांनी त्यांना आपले मानायला उशीर केला.

भोरला जन्मलेले आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात शिकलेले गणेश देवी यांचे काम या सर्वांपेक्षा वेगळ्या जातीचे आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ते इंग्रजीचे प्राध्यापक होते. भारतीय समीक्षेच्या परंपरेवरील त्यांच्या इंग्रजी पुस्तकाला १९९३ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नोकरी सोडून त्यांनी १९९६ मध्ये ‘भाषा’ संस्था उभारली आणि तेजगढला आदिवासी अकादमी सुरू केली. २०१० पासून भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण हाती घेतले. देशभरच्या हजारो लोकांनी मिळून केलेल्या या कामात ७८० जिवंत भाषांची नोंद झाली. इंग्रजी विभागातून बाहेर पडलेल्या माणसाने केलेली ही सर्वांत मोठी भाषिक नोंद, आणि ती इंग्रजीची नाही.

उलट्या वाटेने, म्हणजे मराठीतून इंग्रजीत, झालेल्या कामात हैदराबादच्या इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठात अध्यापन केलेल्या माया पंडित यांची भाषांतरे मोलाची आहेत. बेबी कांबळे आणि ऊर्मिला पवार यांची आत्मकथने २००८ मध्ये त्यांच्या भाषांतरांतून इंग्रजीत आली आणि मराठी न येणाऱ्या विद्यार्थ्यांना मराठी दलित स्त्रीचा आवाज त्यांतून ऐकू आला. मराठी लेखिका इंग्रजीच्या अभ्यासक्रमात शिरते ती अशा भाषांतराच्या वाटेने.

दैनंदिन सेवेचे चित्र इतके झळझळीत नाही. इंग्रजी विभागाचा खरा भार कंपल्सरी इंग्रजीचा. कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना हा पेपर असे आणि नापासांचे मोठे गाठोडे त्याच विषयात साठे. परिणामी अभ्यास मंडळांचा बराच वेळ या पेपरची पाठ्यपुस्तके संपादित करण्यात गेला. हे काम निनावी राहते. पण खेड्यातल्या मुलाच्या हाती पडणारी पहिली इंग्रजी कविता कोणती, हे तिथेच ठरते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचे नाव गुप्त असते, मॉडरेटरचेही. बाह्य परीक्षक म्हणून व्हायवाला (तोंडी परीक्षेला) जाणे, नव्या महाविद्यालयाच्या स्थानीय चौकशी समितीवर जाणे, अध्यापकांच्या रिफ्रेशर वर्गाला व्याख्यान देणे ही कामे प्रवासभत्त्याच्या बिलावर आणि फाइलीतल्या प्रमाणपत्रावर तेवढी उरतात.

ही फाइल जाड होण्याचा इतिहास अलीकडचा आहे. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर १९८७ पासून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे (अध्यापकांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्था) आली आणि उद्बोधन वर्ग बढतीशी जोडले गेले. २०१०च्या नियमावलीतून विद्यापीठ अनुदान आयोगाने एपीआय (शैक्षणिक कामगिरी निर्देशांक) गुण आणले. शिकवणे, सहशैक्षणिक काम आणि संशोधन या तिन्हींची आकडेमोड सुरू झाली, आणि त्याबरोबर पैसे भरून निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला. १८ जुलै २०१८च्या नियमावलीने ही पद्धत सैल केली, तरी संशोधनाचा गुणतक्ता ठेवला. मानव्यविद्या शाखेत एका शोधनिबंधाला १० गुण. राष्ट्रीय प्रकाशकाकडे आलेल्या ग्रंथाला १०, आंतरराष्ट्रीय असेल तर १२. संपूर्ण पुस्तकाच्या भाषांतराला ८. म्हणजे या तक्त्याच्या हिशेबाने अख्खा फाउस्ट मराठीत आणणारा माणूस आठ पानी निबंध छापणाऱ्याच्या दोन गुण मागे राहिला असता. कविता आणि कादंबरी यांना तक्त्यात वेगळे सदर नाही. बोगस नियतकालिकांना आळा घालण्यासाठी केलेली केअर यादी, म्हणजे ग्राह्य नियतकालिकांची यादी, आयोगाने २०२५ मध्ये बंद केली. निबंध कुठला ग्राह्य धरायचा हे ठरवण्याची जबाबदारी आता संस्थांवर आली आहे.

त्याच नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांना १४ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. अनेक महाविद्यालयांत हे तास भरण्यासाठी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते मानधन देऊन, शिक्षक नेमले जातात. सेट-नेट या अध्यापक-पात्रता परीक्षा उत्तीर्ण आणि पीएच.डी. झालेले उमेदवार वर्षानुवर्षे असे शिकवतात. दोन-तीन महाविद्यालयांचे तास एका दिवसात उरकण्यासाठी एस.टी.ने गावे गाठतात आणि उत्तरपत्रिका तपासायलाही जातात. प्लेसमेंट, म्हणजे वेतनश्रेणीतली बढती, कायम सेवेतल्यांनाच लागू असल्याने या शिक्षकांची कवितेची पुस्तके, भाषांतरे किंवा लेख कुठल्याच तक्त्यात येत नाहीत.