इंजिन कव्हरवरचे डाग: ऑक्सिडेशन आहे की खराब झालेलं लॅकर?

जुन्या बाईकचं क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर कळकट दिसायला लागलं की सगळे सरसकट "ऑक्सिडेशन झालंय" म्हणतात आणि मेटल पॉलिश घेऊन घासत बसतात. पण यात दोन वेगळी दुखणी आहेत, उपायही वेगळे.

खरं ऑक्सिडेशन उघड्या ॲल्युमिनियमवर होतं. हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा थर लगेच येतोच, जेमतेम 2-4 नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसतही नाही आणि धातूला तोच वाचवतो. त्रास सुरू होतो मिठाने, म्हणजे रत्नागिरी-मालवणला खाऱ्या हवेत गाडी उभी असेल तर क्लोराइडमुळे तो थर जागोजागी फुटतो, वर पांढरी भुकटी येते जी खडूसारखी बोटाला लागते, आणि खाली बारीक खड्डे पडतात.

दुसरं म्हणजे बऱ्याच कव्हरवर कंपनीतूनच क्लिअर लॅकर (पारदर्शक संरक्षक थर) मारलेलं असतं, ते जुनं झालं की पिवळट पडतं, स्क्रूच्या कडेला किंवा खडी लागून उडालं की पाणी आत शिरतं आणि खालून वळवळत्या पांढऱ्या रेघा पसरतात. इथे बोटाला काहीच लागत नाही, कारण डाग लॅकरखाली आहे!

ओळखायचं कसं? फडक्यावर थोडं मेटल पॉलिश घ्या आणि एक कोपरा घासा. फडकं लगेच काळं झालं तर उघडा धातू, स्वच्छ राहिलं तर वर लॅकर आहे आणि तुम्ही कितीही घासलंत तरी धातूपर्यंत पोचणार नाही.

लॅकर असेल तर कव्हर उतरवा, पेंट रिमूव्हरचा जाड थर द्या, लॅकर सुटलं की नायलॉन ब्रशने काढा, आणि काढायचं तर पूर्ण काढा, अर्धवट राहिलं तर ठिगळं दिसतात. उघड्या धातूला आधी डिग्रीझर (तेल-ग्रीस काढणारं), मग फॉस्फरिक ॲसिडवालं ॲल्युमिनियम क्लीनर, डब्यावर लिहिलंय तेवढं पातळ करून, इंजिन गार असताना, आणि ते वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवायचं, हातात ग्लोव्हज हवेतच. हलक्या डागांना सायट्रिक ॲसिडही चालतं, वेळ जास्त लागतो एवढंच. खड्डे मात्र केमिकलने जात नाहीत, तिथे वॉटर पेपर 400, 800, 1200 आणि मग बफ.

आता कळकळीने सांगतो, कॉस्टिक सोडा लावू नका. ऑक्साइडचा थर साधारण पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) 4 ते 8.5 मध्येच टिकतो, कॉस्टिक त्याच्या बरंच वर, त्यात फसफसून हायड्रोजन निघतो म्हणजे धातूच विरघळतोय, आणि मागे जो काळा थर राहतो तो कास्टिंगमधला सिलिकॉन-तांबं. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक ॲसिड पण नको, तेच क्लोराइड आपण हाताने लावतोय की. स्टील वूलही नको, लोखंडाचे कण रुतून बसतात आणि गंजाचे ठिपके येतात.

स्वच्छ झाल्यावर परत लॅकर मारायचं का? माझ्या मते रोजच्या गाडीला नको, पुन्हा कुठेतरी उडणार आणि पुन्हा तेच. वॅक्सचा पातळ हात द्या, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तर नक्कीच, स्क्रूच्या खाचा आणि गास्केटच्या कडा सोडू नका.