विंटन मार्सालिस: दोन संगीतांचा ट्रम्पेट आणि १९९७चा निकाल

विंटन मार्सालिस यांचं नाव निघालं की पहिला उल्लेख १९८४च्या ग्रॅमी सोहळ्याचा होतो. जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत, या दोन्ही विभागांत एकाच वर्षी एकल वादनाचं पारितोषिक मिळवणारे हे अमेरिकी ट्रम्पेटवादक पहिलेच. वय बावीस. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा तेच करून दाखवलं. त्या सोहळ्यात त्यांनी आधी वाद्यवृंदासोबत हुमेल या संगीतकाराच्या ट्रम्पेट कॉन्चेर्टोचा (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेचा) शेवटचा भाग वाजवला आणि पाठोपाठ स्वतःच्या जॅझ गटासोबत स्वतःची रचना. ते चित्रीकरण पाहताना आजही अंगावर काटा येतो. एकाच माणसाच्या छातीतली हवा, पण ती बाहेर येताना जणू वेगळ्याच भाषेत बोलते.

तरीही त्यांच्या कारकिर्दीचं वळण मला तिथे दिसत नाही. ते दिसतं तेरा वर्षांनंतर, १९९७च्या पुलित्झर या अमेरिकेतल्या मानाच्या पारितोषिकात. हे टिपण मुख्यतः त्याच निकालाबद्दल आहे, पण तिथवर कसं पोचलो ते आधी सांगायला हवं.

मार्सालिस यांचा जन्म १९६१चा, न्यू ऑर्लिन्समधला. वडील पियानोवादक आणि नावाजलेले शिक्षक. पहिला ट्रम्पेट सहाव्या वर्षी हाती आला, तोही वडील ज्यांच्या गटात वाजवत त्या प्रसिद्ध ट्रम्पेटवादकाकडून. आठव्या वर्षी चर्चच्या मुलांच्या बँडमध्ये, चौदाव्या वर्षी शहरातल्या वाद्यवृंदासोबत हायडनचा कॉन्चेर्टो, सतराव्या वर्षी टँगलवूडच्या उन्हाळी संगीतशाळेत प्रवेश, १९७९मध्ये न्यूयॉर्कची जुलियार्ड संस्था आणि १९८०मध्ये ड्रमवादक आर्ट ब्लेकी यांच्या जॅझ गटात. जॅझच्या श्रोत्यांना ब्लेकींच्या गटाचं महत्त्व सांगण्याची गरज नाही. पुढे नाव काढलेल्या कितीतरी वादकांची घडण तिथेच झाली.

इथे एक गोष्ट अनेकदा सुटते. ट्रम्पेटसाठी लिहिलेलं अभिजात एकल संगीत मुळात थोडं आहे. हायडनचा कॉन्चेर्टो १७९६चा, हुमेलचा १८०३चा, आणि दोन्ही व्हिएन्नातल्या एकाच दरबारी वादकासाठी लिहिलेले. त्याने कळा लावलेला नवा ट्रम्पेट वापरला होता. साध्या, बिनकळांच्या ट्रम्पेटवर खालच्या पट्टीत सलग स्वरमालिका वाजवताच येत नाही. या वाद्यावर ती येऊ लागली. ते वाद्य टिकलं नाही. पुढच्या वीसेक वर्षांत व्हॉल्व्ह (हवेची वाट बदलणारी बटणं) आले, आणि आजचा ट्रम्पेट त्या व्हॉल्व्हचा. पण व्हायोलिन आणि पियानोवर कॉन्चेर्टोंचा पाऊस पडला त्या शतकात ट्रम्पेट वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेतच राहिला. त्यामुळे १९८३च्या पहिल्याच अभिजात ध्वनिमुद्रणात हायडन, हुमेल आणि लिओपोल्ड मोझार्ट उरकल्यावर मार्सालिस यांच्यापुढे बरोक (साधारण १६०० ते १७५०च्या काळातलं) संगीत आणि विसाव्या शतकातल्या मोजक्या रचना यांखेरीज फारसं काही शिल्लक नव्हतं. १९८७मध्ये त्यांनी कॉर्नेट या ट्रम्पेटच्या आखूड भावंडावर जुन्या बँडच्या काळातल्या करामतीच्या रचना वाजवल्या. त्यातल्या एका तुकड्यात चार मिनिटांहून अधिक काळ फुंक खंडित होत नाही: गालांत साठवलेली हवा ओठांतून बाहेर ढकलायची आणि त्याच क्षणी नाकाने श्वास घ्यायचा.

दोन्ही संगीत सांभाळणं किती जड जातं याची कल्पना वादकांनाच असते. हायडन वाजवताना जिभेचा स्पर्श स्वच्छ हवा, स्वर सुरुवातीपासून मधोमध लागायला हवा, शेजारच्या वाद्यांत मिसळायला हवा. त्यासाठी बहुतेक वादक लहान ई-फ्लॅट ट्रम्पेट घेतात, बरोकसाठी त्याहून छोटा पिकोलो. जॅझमध्ये हाच स्वच्छपणा आड येतो. तिथे व्हॉल्व्ह अर्धाच दाबून स्वर मुद्दाम चेपायचा असतो, घशातून गुरगुर आणायची असते, ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळायचं असतं. मोरी तुंबल्यावर वापरतात त्या पंपाची रबरी वाटी ट्रम्पेटच्या तोंडावर धरून उघडझाप केली की वाद्य चक्क बोलू लागतं. जॅझचे थोर संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाने ही कला टोकाला नेली होती. मार्सालिस यांनी ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस मनावर घेतली. ओठांचे स्नायू मात्र तेच, आणि दिवसाचे तासही तेवढेच. त्या काळात त्यांनी अभिजात वादन बरंच मागे टाकलं त्याचं कारण मला यातच दिसतं. १९९०च्या दशकाच्या मध्यात बरोक संगीताची एक तबकडी आली, पण रोजचा ओढा तोवर पूर्ण जॅझकडे वळला होता.

१९८७मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटर या कलासंकुलात त्यांच्या पुढाकाराने उन्हाळी मैफिलींची मालिका सुरू झाली. तिचं नाव होतं ‘क्लासिकल जॅझ’. या नावाने जो गोंधळ केला तो अजून निस्तरलेला नाही. काहींनी त्याचा अर्थ लावला ‘जॅझमधलं अव्वल, कालाच्या कसोटीला उतरलेलं’. काहींनी लावला ‘ऑपेरा आणि सिम्फनीच्या पंगतीला बसवलेला जॅझ’. विरोधकांनी तिसरा लावला: ‘१९६०च्या आधीचा जॅझ’. मराठीत आपण ‘अभिजात’ म्हणतो तेव्हाही हेच होतं, कारण हा शब्द दर्जाही सांगतो आणि प्रकारही. मार्सालिस यांना पहिला अर्थ अभिप्रेत होता असं मला वाटतं, पण कार्यक्रमांच्या याद्या पाहिल्या तर तिसऱ्यालाही आधार सापडतो. विजेची वाद्यं आणि मुक्त प्रयोग यांना तिथे फारच कमी जागा होती. आदल्याच वर्षी व्हँकूवरच्या महोत्सवात ते विजेच्या वाद्यांकडे वळलेल्या ज्येष्ठ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या मंचावर न बोलावता गेले होते आणि डेव्हिस यांनी वाजवणं थांबवलं होतं. त्या दोघांतला वाद केवळ वैयक्तिक नव्हता. जॅझची परंपरा कुठे संपते, की संपतच नाही, हा तो वाद होता.

मालिकेचा १९९१मध्ये लिंकन सेंटरचा स्वतंत्र विभाग झाला आणि १९९६मध्ये तिला ऑपेरा, बॅले, फिलहार्मोनिक यांच्या बरोबरीचं स्थान मिळालं. ‘ब्लड ऑन द फील्ड्स’ याच घराने करून घेतलेली रचना. मोठा जॅझ वाद्यवृंद, तीन गायक, अवधी तीन तासांच्या आसपास. गुलाम म्हणून आणलेले जेसी आणि लिओना, त्यांची विक्री, पळून जाण्याचा प्रयत्न, शेवटी मोकळीक. वादक वाजवता वाजवता मधून समूहाने ओळी म्हणतात, जणू गावच साक्ष देतोय. पहिला प्रयोग झाला एप्रिल १९९४मध्ये.

अडचण या तारखेचीच होती. पुलित्झरच्या संगीत विभागाचा नियम तेव्हा असा होता की त्या वर्षात अमेरिकेत पहिल्यांदा सादर झालेलीच रचना पात्र. १९९४ची रचना १९९७च्या पारितोषिकासाठी कशी चालेल? तर काही छोटे बदल करून ती जानेवारी १९९७मध्ये येल विद्यापीठात सादर झाली आणि तो सुधारित आवृत्तीचा पहिला प्रयोग मानून प्रवेशिका गेली. पारितोषिक मिळालं. जॅझ रचनेला ते मिळण्याची ही पहिलीच वेळ.

टीका दोन बाजूंनी झाली. अभिजात संगीतवाल्यांचा आक्षेप पात्रतेचा: चार सुरांची फिरवाफिरव करून कृती नवी होत नाही. जॅझवाल्यांचा आक्षेप वेगळा आणि अधिक बोचरा: जो मान एलिंग्टन यांना नाकारला गेला त्याची भरपाई त्यांच्या नातवाच्या वयाच्या माणसाला देऊन होत नाही.

एलिंग्टन यांचं प्रकरण १९६५चं. त्या वर्षी परीक्षकांना पारितोषिकायोग्य एकही नवी रचना सापडली नाही, म्हणून एलिंग्टन यांच्या सगळ्या कामाबद्दल त्यांचा विशेष गौरव करावा अशी शिफारस त्यांनी केली. मंडळाने ती फेटाळली. तीनपैकी दोन परीक्षकांनी राजीनामा दिला आणि त्या वर्षी संगीताचं पारितोषिक कुणालाच मिळालं नाही. एलिंग्टन तेव्हा ६६ वर्षांचे होते. १९७४मध्ये ते गेले. विशेष गौरव जाहीर झाला तो १९९९मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी.

हे सगळं एकत्र ठेवून पाहिलं तर मला १९९७चा निकाल योग्य वाटतो, आणि तारखेची वाट काढलेलीही समर्थनीय वाटते. पहिल्या प्रयोगाचा नियम कागदावर पूर्ण होणाऱ्या संगीतासाठी केलेला होता. तिथे संगीतकाराने शेवटची दुरेघ ओढली की कृती संपली, पुढे उरतं ते सादरीकरण. जॅझमध्ये मोठी रचना वादकांच्या हाताखालून जात राहते. कुणाचा सोलो लांबतो, एखाद्या भागाची लय बदलते, गायक ओळ वेगळ्या जागी तोडतो. १९९४चा प्रयोग आणि १९९७चा प्रयोग यांत कागदावर फरक थोडा असेल, पण मधल्या काळात ती ध्वनिमुद्रित झाली होती आणि वादकांच्या अंगात मुरली होती. अभिजात संगीताच्या मापाने ही पळवाट ठरते. जॅझच्या मापाने रचना अशीच पक्व होते.

पण हाच युक्तिवाद पुढे नेला की १९९७चं दुसरं अंगही दिसतं, आणि ते मला जास्त टोचतं. ‘ब्लड ऑन द फील्ड्स’ दारातून आत येऊ शकली कारण तिची संहिता होती: ऑरेटोरिओसारखा (मंचनाट्याविना गायन-वादनातून कथा सांगणारा) परिचित साचा, लिहिलेली पानं, टेबलावर ठेवता येतील अशी. प्रवेशिकेसोबत लिखित संगीत देणं तेव्हा बंधनकारक होतं. मार्सालिस यांना दोन्ही परंपरांचं शिक्षण होतं म्हणून ते ही अट सहज पुरी करू शकले. ज्यांचं सगळं कौशल्य वाजवण्याच्या क्षणी घडतं त्यांच्यासाठी दार बंदच होतं. २००४मध्ये ही अट सैल झाली आणि ध्वनिमुद्रण स्वीकारलं जाऊ लागलं. त्यानंतर २००७चं पारितोषिक ऑर्नेट कोलमन यांना मिळालं, तेही एका मैफिलीच्या ध्वनिमुद्रणाला. गंमत नाही, पण लक्षात ठेवावं असं: १९८०च्या दशकात परंपरेच्या नावाने जे संगीत बाजूला ठेवलं गेलं, ठरलेले साचे सोडणाऱ्या ज्या मुक्त जॅझचे कोलमन आद्य पुरुष, त्यालाच मार्सालिस यांच्या निकालाने पाडलेल्या फटीतून वाट मिळाली.

मार्सालिस यांची स्वतःची वाट यानंतर लेखणीकडे अधिक झुकली. १९९९च्या डिसेंबरात न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, जॅझ वाद्यवृंद आणि मोठा गायकवृंद यांच्यासाठीची रचना आली. २०१०मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकसोबत ‘स्विंग सिम्फनी’, २०१५मध्ये लंडनमध्ये व्हायोलिन कॉन्चेर्टो. अशा रचनांतली खरी कसोटी वाद्यवृंदाच्या वादकांची असते. स्विंगमधली, म्हणजे जॅझच्या झोके घेणाऱ्या चालीतली, स्वरांची लांब-आखूड जोडी स्वरलिपीत नीट लिहिताच येत नाही. साध्या सारख्या मात्रा लिहायच्या आणि वर ‘स्विंग’ अशी सूचना द्यायची, एवढंच हाती असतं. ज्यांनी ती चाल लहानपणापासून कानांत घेतली त्यांना ती पुरते. इतरांच्या हातून ती ताठ होते, आणि मग तीस व्हायोलिनं एकत्र असूनही तालाला झोका मिळत नाही. या रचनांचे काही प्रयोग ऐकताना हे जाणवतं, काहींत मुळीच जाणवत नाही.

२००४मध्ये कोलंबस सर्कलवर जॅझसाठीच बांधलेलं सभागृह उघडलं. तिथल्या मोठ्या वाद्यवृंदात मार्सालिस ट्रम्पेटच्या रांगेत, सगळ्यात मागे बसून वाजवतात. उभे राहून हातवारे करत नाहीत. वाद्य त्यांचं नेहमीचं, पोर्टलंडच्या एका कारागिराने घडवलेलं, वजनदार, माउथपीस नळीलाच जोडलेला.

आणि हायडन-हुमेलनंतरच्या त्या जवळजवळ रिकाम्या फडताळात भर घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःसाठी लिहिलं नाही. २०२३च्या एप्रिलमध्ये क्लीव्हलंडच्या वाद्यवृंदाने त्यांचा ट्रम्पेट कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजवला. सहा भाग आहेत, त्यांत एक ब्लूजचा. एकल वादक होते त्याच वाद्यवृंदाचे प्रमुख ट्रम्पेटवादक, आयुष्यभर अभिजात संगीत वाजवलेले. त्यांच्यापुढच्या पहिल्या पानावर मार्सालिस यांनी हत्तीचा चीत्कार लिहिला होता.