पुणं कुठल्या बाजूनं दिसलं?

पुण्यात पहिल्यांदा आलेल्यांना शहर कसं वाटलं असं विचारलं, तर उत्तरं एकाच गावाबद्दलची वाटत नाहीत. एकाला चर्च, बेकऱ्या आणि झाडांखालचे रुंद रस्ते दिसलेले असतात, दुसऱ्याला बोळ आणि वाडे, तिसऱ्याला काचेच्या इमारतींसमोर खोळंबलेल्या गाड्या. कोण कुठे उतरलं, यावर सगळं अवलंबून.

स्वारगेटला एसटीतून उतरलेला माणूस पेठांत शिरतो. अस्सल पुणं म्हणतात ते हेच. पण तेही बाहेरच्यांनीच वसवलेलं आहे. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळात इथे कसब्याभोवतीचं छोटं गाव होतं. 1730 मध्ये पहिल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि श्रीवर्धनच्या भटांचं, म्हणजे पेशव्यांच्या घराण्याचं, बिऱ्हाड इथे कायमचं झालं. दरबार आला म्हणताना सरदार, कारकून, कोकणातले भिक्षुक, गुजराती-मारवाडी सावकार सगळेच आले. नानासाहेबांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालून पाणी आणलं आणि पेठा वाढत गेल्या. सदाशिव पेठेतल्या एखाद्या ‘मूळ पुणेकरा’ला हे ऐकवून पाहावं, ऐकवणाऱ्यानं उभं राहूनच बोलावं, बसायला सांगतीलच असं नाही.

रेल्वेनं येणाऱ्याची गोष्ट वेगळी, तो कॅम्पाच्या बाजूला उतरतो. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली आणि गावाच्या पूर्वेला इंग्रजांची छावणी पडली. जुनी माणसं कॅम्पाला अजून लष्कर म्हणतात. गोऱ्या पलटणींना पाव, दारू, कपडे, औषधं लागत. ते पुरवायला पारशी, बोहरी, गोव्याचे ख्रिस्ती आणि मद्रासकडचे लोक इथे येऊन राहिले. 1858 मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली, बोरघाटाचा लोहमार्ग 1863 मध्ये झाला. बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं ज्यूंचं प्रार्थनामंदिर, म्हणजे लाल देवळ, 1867 चं. गाव आणि लष्कर शेजारी राहिले, पण कारभार वेगळा, बाजार वेगळा, जेवणही वेगळं. पुण्याचं बहुढंगीपण आयटीनं आणलं असं म्हणणाऱ्यांनी कॅम्पात एक चक्कर मारावी.

विद्यार्थी हा तिसरा ओघ. 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघालं, 1949 मध्ये विद्यापीठ स्थापन झालं आणि गव्हर्नरच्या गणेशखिंडीतल्या पावसाळी निवासात जाऊन बसलं. कॉट बेसिस (भाड्यानं नुसती एक खाट), मेस आणि डोक्याला स्कार्फ गुंडाळून दुचाकी हाकणाऱ्या मुली, हे नवख्याला चटकन दिसणारं पुणं या ओघातून आलेलं.

12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले आणि पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. पेठेतलं पुणं पेठेबाहेर सांडलं ते तेव्हा. त्याच सुमारास पिंपरी-चिंचवडकडे कारखाने वाढत होते. फाळणीनंतर आलेले सिंधी तिथे आधीच स्थिरावले होते. आता कामगार राज्यभरातून येऊ लागले.

आज मुंबईहून द्रुतगती मार्गानं येणारा पाहुणा वाकडला उतरतो आणि तिथूनच हिंजवडीला वळतो. आयटी पार्क तिथे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलं. त्याला मुठा दिसत नाही, शनिवारवाडा तर नाहीच. तरी घरी फोनवर तो ‘पुण्यात पोचलो’ असंच सांगतो. हिंजवडीचा कारभार मात्र, आयटी पार्क आल्यावरही वर्षानुवर्षे, ना पुणे महापालिकेकडे होता ना पिंपरी-चिंचवडकडे. तो ग्रामपंचायतीकडेच राहिला.