बोअरवेल (महाराष्ट्रातली)

बोअरवेल, बोलताना नुसता बोअर, म्हणजे मशीननं जमिनीत पाडलेलं वीतभर रुंद आणि शेकडो फूट खोल भोक, ज्यातून हापशानं नाहीतर सबमर्सिबल मोटारीनं पाणी काढतात. बोअर आला पिण्याच्या पाण्यासाठी, पण त्यानं गावातली पाण्याची मालकीच बदलून टाकली, आणि हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं.

राज्याचा 80 टक्क्यांच्या आसपास भाग काळ्या पाषाणाचा. त्यात विहीर खणायची म्हणजे सुरुंग लावा, दगड फोडा, महिने जायचे. दाबाच्या हवेवर चालणारी रिग, म्हणजे भोक पाडायचं मशीन, आली आणि तेच काम एका रात्रीचं झालं. 1972 च्या दुष्काळानंतर गावोगाव सरकारी बोअर आणि हापसे दिसायला लागले. ह्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, जालन्याच्या ख्रिस्ती मिशननं दणकट हापसा बनवला, मग सोलापूरचा पंप आला आणि त्याच्यावरूनच युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क टू नावाचा हापसा तयार झाला, जो पुढे आफ्रिकेपर्यंत गेला.

हापशानं बायकांचा विहिरीतून पोहरे ओढण्याचा त्रास कमी केला, हे मान्यच करायला पाहिजे. दलित वस्तीत हापसा आला तेव्हा गावच्या विहिरीवर जाऊन दुसऱ्यानं पाणी वाढायची वाट बघणं थांबलं. पण महाडला 1927 मध्ये मागितला होता तो एकाच तळ्यावरचा हक्क, आणि इथं झालं काय तर प्रत्येक वस्तीला वेगळा हापसा, त्यामुळे जुन्या विहिरीचा प्रश्न न सुटता बाजूला पडला.

खरा बदल शेतीत झाला. जुनी विहीर भावाभावात सामायिक असायची, पाळी ठरलेली, आज तुझं उद्या माझं, भांडणं व्हायची पण पाणी किती उरलंय ते काठावरून सगळ्यांना दिसायचं. बोअरमध्ये काहीच दिसत नाही. शेजाऱ्यानं 300 फूट घेतला की आपण 400, आणि बेसाल्टमध्ये, म्हणजे त्याच काळ्या पाषाणात, पाणी असतं ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, म्हणजे खोल गेलं की जास्त मिळेलच असं नाही, उलट वरच्या विहिरी आटतात. पाणाड्या तळहातावर नारळ धरून जागा दाखवतो, रिगची गाडी संध्याकाळी येते, रात्रभर कॉम्प्रेसर धडधडतो, घरातले सगळे राखाडी फुफाट्यात उभे, आणि मालक थोड्या थोड्या वेळानं बाहेर पडलेला चुरा चिमटीत धरून बघतो की ओल लागतेय का. नुसती धूळच निघाली तर बोअर फेल, पैसे मात्र फुटाच्या हिशोबानं द्यावेच लागतात. ते बऱ्याचदा कर्ज काढून दिलेले असतात हे विसरून चालणार नाही.

राजकारणही ह्याच भोकाभोवती फिरायला लागलं. शेतीपंपाचं बिल मीटरवर न घेता हॉर्सपॉवरवर ठोक घेतलं की मोटार कितीही चालवा, खर्च तेवढाच. 2004 च्या निवडणुकीआधी मोफत वीज जाहीर झाली, पुढच्या वर्षी बंद झाली, आणि 2024 मध्ये 7.5 हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना परत मोफत झाली. शेतकऱ्याला दिलासा हवाच, पण उपशाला लगाम कुठून येणार?

1993 च्या कायद्यानं सार्वजनिक पाणवठ्यापासून 500 मीटरच्या आत नवीन विहिरीला परवानगीशिवाय बंदी घातली, 2009 च्या कायद्यात 60 मीटरपेक्षा खोल जाण्यावर बंधनं आली. अंमलबजावणी फारच ढिली. अहिल्यानगर (आधीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं मात्र शेतीसाठी बोअर घ्यायचाच नाही असं गावातच ठरवलं, आणि तिथं पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत बसून त्या वर्षीची पिकं ठरवतात.